किला गेटवरचे वाद

हद्दूखाँ मोठे की हस्सूखाँ, या प्रश्नावरून मी शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर आलेली पाहिली आहेत. मी पाहिली तेव्हा हद्दूखाँना जाऊन शंभरेक वर्षं झाली होती. ते वारले १८७५ साली, हस्सूखाँ त्यांच्याही आधी. ध्वनिमुद्रणाचा शोधच मुळी १८७७चा, म्हणजे दोघांचा आवाज कुठे उतरवून ठेवलेला असण्याची शक्यताच नव्हती. वाद घालणाऱ्यांतल्या कुणी त्यांना ऐकलेलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनीही नाही. तरी आमचे दादासाहेब, म्हणजे आजोबा, थोरले काकासाहेब आणि किला गेटचे सारंगीवाले चाचा बोलत ते आदल्या रात्री त्यांच्याच मैफलीतून उठून आल्यासारखे.

“हस्सूखाँच्या गळ्याला तोड नव्हती.”

“गळा असेल हो, पण दम? दम हद्दूखाँचा!”

हे सगळं चाले भल्या पहाटे, डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, किला गेटच्या चहाच्या टपरीवर. तानसेन समारोहाची रात्रभराची बैठक संपवून मंडळी हजिऱ्याहून पायी तिथवर येत. चाचांचं घर जवळच होतं आणि लष्करात परत न्यायला पहिला टेंपोही तिथेच मिळे. तो यायला अवकाश असे. तेवढ्या अवकाशात एका घराण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास मांडून, मोडून, पुन्हा मांडला जाई.

ग्वाल्हेरबाहेरच्या वाचकाला जागा थोडी समजावून सांगायला हवी. ग्वाल्हेर म्हणजे खरं तर तीन गावं. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, इंग्रजांची छावणी मुरार, आणि दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला जो तळ दिला त्याचं वाढून झालेलं लष्कर. मराठी घरं बहुतेक सगळी लष्करातली. आमचंही तिथलंच. किला गेट मात्र जुन्या ग्वाल्हेरात. तिथून किल्ल्याची वाट चढते, गुजरी महाल तिथेच आहे, ध्रुपदाला ज्यानं आसरा दिला त्या राजा मानसिंह तोमरानं बांधलेला. थोडं पुढे हजिऱ्यात महंमद घौसांचा भव्य मकबरा आणि त्याच्या सावलीत तानसेनाची साधीशी कबर. कबरीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी समजूत आहे. आम्हां मुलांना तो पाला दर वर्षी खायला लागे. तोंड आंबट व्हायचं आणि आत्या म्हणायची, “आता सा लाव बघू.”

तानसेनाचा उरूस तिथे होतच असे. त्याला दरबारी संगीत समारोहाचं रूप आलं ते माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९२४ मध्ये. सुरुवात अजूनही ढोलीबुवांच्या हरिकथेनं आणि मौलवींच्या मिलादनं होते. एका कबरीसमोर आधी कीर्तन आणि मग मिलाद. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटत नसे. ग्वाल्हेरच्या गाण्याची सगळी घडणच तशी आहे, हे कळायला या पहाटेच्या वादांची मदत झाली.

तर हद्दू आणि हस्सू. नत्थन पीरबक्ष हे लखनौकडून ग्वाल्हेरला आलेले गवई. त्यांचे हे नातू. तिसरे नत्थूखाँ. दौलतरावांच्या दरबारी तेव्हा बडे महंमदखाँ होते, तेही लखनौकडचे, आणि दोन्ही घराण्यांचं वैर तिकडूनच चालत आलेलं. महंमदखाँची तान म्हणजे चमत्कार, पण ती या पोरांना शिकवणार कोण? दादासाहेब सांगत की महाराजांनी दोघा भावांना पडद्याआड बसवलं. महंमदखाँ गात राहिले, पोरं ऐकत राहिली. पुढे एक दिवस महाराजांनी भर दरबारात पोरांना गायला लावलं, तेव्हा महंमदखाँना समोरून स्वतःचीच तान ऐकू आली. एका तोंडातून निघालेली, दोन तोंडांतून परत आलेली. ते संतापले, घात झाला म्हणाले, आणि दरबार सोडून गेले.

इथपर्यंत तिघांचं एकमत. पुढची गोष्ट आली की वाद पेटे.

हस्सूखाँच्या मृत्यूची गोष्ट ग्वाल्हेरच्या प्रत्येक गाणाऱ्या घरात आहे. बैठक भरलेली, बडे महंमदखाँ समोर, हस्सूखाँ मियाँमल्हार गाताहेत. त्यांनी ‘कडक बिजली’ची तान घेतली. महंमदखाँनी मनापासून दाद दिली आणि म्हणाले, पुन्हा एकदा. ती तान एका बैठकीत दोनदा घ्यायची नसते, छाती फाटते. हस्सूखाँनी घेतली. तोंडातून रक्त आलं. आजोबा नत्थन पीरबक्षांनी आपल्या शालीनं ते पुसलं आणि म्हणाले, “बेटा, मरायचंच आहे तर तान पुरी करून मर.”

चाचा ही गोष्ट सांगताना चहाचा पेला खाली ठेवत. आमचे काकासाहेब पोस्टातले, तारखांचे पक्के. ते दर वर्षी हटकत. कुणी म्हणतो हे दौलतरावांसमोर घडलं, कुणी म्हणतो जयाजीरावांसमोर. दौलतराव वारले १८२७ साली, जयाजीराव गादीवर आले १८४३ साली. आधी महाराज कोण ते ठरवा, मग शाल पुसा! दादासाहेब चिडत. चाचा चिडत नसत. ते म्हणत, “महाराज कोई भी हो, साहब, तान तो एक ही थी.”

मला त्या गोष्टीत वेगळीच गोष्ट लागते आणि ती माझ्या मते तारखेपेक्षा मोठी आहे. हस्सूखाँना कुणी विष घातलं नाही की अपमान केला नाही. त्यांचा जीव गेला तो एका दर्दी माणसानं दिलेल्या दादेपायी. ग्वाल्हेरच्या लोकांनी आपल्या घराण्याची मूळकथा म्हणून ही गोष्ट जपली, म्हणजे ऐकणाऱ्याचं बळ त्यांना किती ठाऊक होतं पाहा. समोर बसलेला माणूस गाणं घडवतो आणि गाणाऱ्याला संपवूही शकतो. म्हणूनच की काय, किला गेटवर दाद देताना आणि नाव घेताना कुणी हलगर्जीपणा करत नसे. कानाच्या पाळीला हात लावल्याशिवाय उस्तादाचं नाव तोंडातून निघत नसे.

‘हद्दू मोठे की हस्सू’ हा प्रश्नच चुकीचा आहे, असं चाचांचं म्हणणं होतं, आणि या सगळ्या वादांत मला आजवर पटलेलं म्हणणं तेच. ते दोघं एकत्र गात. ग्वाल्हेरची गायकी मुळातच जोडीची, असं चाचा सांगत. एकानं अस्थायी म्हणायची, दुसऱ्यानं अंतरा. एकाचा आलाप ज्या सुरावर थांबला, त्याच सुरावरून दुसऱ्यानं उचलायचा. एक दम घेतो तोवर दुसरा बढत करतो, आणि मुखडा दोघांनी मिळून समेवर आणायचा. दोघांचा आकार एकसारखा मोकळा हवा, पट्टी एक हवी, आणि कान दुसऱ्याच्या श्वासावर हवा. नीट जमलं तर एक कुठे थांबला आणि दुसरा कुठे लागला हे कळता कामा नये. मग त्यातला मोठा कोण, हे तुम्ही कशावरून ठरवणार?

हे ते करून दाखवत. टपरीवरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर डाव्या हातानं तिलवाड्याचा ठेका धरत, धा तिरकिट धिं धिं, आणि दादासाहेबांना म्हणत, “आप अस्थायी उठाइए.” दादासाहेब गाणारे नव्हते, पण यमनाची अस्थायी त्यांना येई. चाचा अंतऱ्याला लागत. एक बेसुरा कारकून आणि एक थकलेला सारंगिया. पण चौथ्या-पाचव्या आवर्तनाला दोघं मिळून समेवर असे पडत की टपरीवाला किटली तशीच धरून उभा राही.

चाचांची बोटं मी जवळून पाहिली आहेत. सारंगीची तार बोटाच्या पेरानं दाबत नाहीत, नखाच्या मुळाशी, जिथे कातडी नखाला भिडते तिथे घासून सूर काढतात. जन्मभर वाजवलेल्या माणसाच्या डाव्या हाताच्या नखांवर तिथे खोल काळ्या खाचा पडतात. चाचांच्या तशा होत्या. वाजवणं सुटून बरीच वर्षं झाली होती, खाचा गेल्या नव्हत्या. सारंगियाचं सगळं आयुष्य गवयाच्या पाठोपाठ जाण्यात जातं. तो काय घेणार हे त्यानं घेण्याआधी ओळखायचं आणि तरी त्याच्या मागेच राहायचं. पुढे हार्मोनियम आली, गवयांना सोयीची पडली, सारंगी मागे सरली. चाचांच्या बोलण्यात त्याचा कडवटपणा कधी ऐकला नाही. मात्र कुठल्याही मैफलीची गोष्ट निघाली की त्यांचा पहिला प्रश्न एकच, “साथ को कौन बैठा था?” गाणाऱ्याचं नाव सगळ्यांना माहीत असे, साथीदाराचं नाव आठवलं तरच त्यांच्या लेखी तुम्ही ती मैफल ऐकलेली. हाफिज अलीखाँचा सरोद म्हटला की ते लगेच पखवाजाच्या पर्वतसिंहांचं नाव जोडत. एकट्याचं घेत नसत.

जोडीचा हा नियम लावून पाहिला की ग्वाल्हेरचा पुढचा इतिहास मला जास्त उलगडतो. खाँसाहेबांची गायकी मराठी घरांत आली ती अशीच मांडीला मांडी लावून. निसार हुसेनखाँ हे नत्थूखाँचे वारस. जयाजीराव १८८६ साली गेल्यावर दरबारातली हवा बदलली. खाँसाहेब शंकरराव पंडितांच्या घरी येऊन राहिले. पाहुणे म्हणून नव्हे, घरातलेच म्हणून. शंकरराव आणि त्यांचे बंधू एकनाथराव हे दोघं त्यांच्याकडून शिकले आणि बसले तेही जोडीनं. माझ्या पणजोबांनी त्या घरच्या बैठका ऐकल्या होत्या. दादासाहेब त्यांचं सांगणं आम्हांला सांगत. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात उस्ताद राहताहेत, सकाळी रियाजाला खर्ज लागलाय, आणि स्वयंपाकघरातल्या बायकासुद्धा चुकलेला निषाद ओळखताहेत. पणजोबांनी यात भर घातली असेल, पण मला ती भर खरी वाटते. रोज कानावर पडलेलं कुठे जाणार?

त्याच उस्तादांकडे शिकायला कोकणातून, सावंतवाडीकडून, रामकृष्णबुवा वझे आले होते. घर सोडलेला मुलगा, पैसा नाही, ओळख नाही, हालअपेष्टांना अंत नाही. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, तेही नागावचे, अलिबागकडले. त्यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी विद्या घेतली आणि ख्याल महाराष्ट्रात नेला. मिरजेत त्यांनी शिकवलेल्यांत एक होते विष्णु दिगंबर पलुस्कर, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पुण्या-मुंबईकडचे लोक या सगळ्यांची नावं आपली म्हणून घेतात. किला गेटवर त्यांना ‘दक्खन की शाख’ म्हणत. दादासाहेबांना ते शब्द आवडत. त्यांच्या दृष्टीनं शाख कितीही वाढली तरी खोड इथेच.

दादासाहेबांचं दैवत कृष्णराव शंकर पंडित. शंकररावांचे चिरंजीव, जन्म १८९३. विशीतच, १९१४ साली, त्यांनी स्वतःचं विद्यालय काढलं. काकासाहेबांचं दैवत राजाभैया पूछवाले. हेही शंकररावांचेच शिष्य, कृष्णरावांहून दहाएक वर्षांनी थोरले. १९१८च्या जानेवारीत माधवरावांनी भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू केलं. राजाभैया तिथले आधारस्तंभ, पुढे प्राचार्य. म्हणजे एकाच गुरूच्या विद्येचे दोन दरवाजे, एकाच शहरात, अवघ्या चार वर्षांच्या अंतरानं उघडलेले. लष्करातली मराठी घरं या दोन दरवाज्यांत वाटली गेली. आमचं घर तर आतल्या आत वाटलं गेलं होतं. दिवाणखान्यात दादासाहेबांची खुर्ची, समोर काकासाहेबांची, आणि मध्ये रेडिओ.

वादाचं कारण खरं तर मोठं होतं. बंदिश कागदावर उतरवावी की नाही? भातखंड्यांनी गावोगाव फिरून बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि छापल्या. एकनाथराव पंडितांकडूनही त्यांना पुष्कळ बंदिशी मिळाल्या. काकासाहेब म्हणत, हे झालं नसतं तर निम्मं भांडार उस्तादांबरोबर मातीत गेलं असतं. राजाभैयांनी स्वतः ‘तानमालिका’ लिहिली, शिकणाऱ्याला पायरीपायरीनं चढवणारी. दादासाहेबांचं म्हणणं, कागदावर स्वर येतो, त्याच्या दोन्ही बाजूंचा कण येत नाही. कृष्णराव एकच अस्थायी तीनदा म्हणाले तर तिन्ही वेळा तिची चाल तीच आणि तरी वेगळी. ती स्वरलिपीत कशी मांडायची?

मी कृष्णरावांना ऐकलं ते त्यांच्या वार्धक्यात. १९८९ साली ते गेले, शहाण्णव वर्षांचे होऊन, आणि ऐंशी ओलांडल्यावरही गात होते. लहानखुरी मूर्ती, डोक्याला पगडी, आणि गाऊ लागले की समोरच्याला स्वस्थ बसू न देणारं गाणं. आलापात रेंगाळणं नाही. तान कुठून निघेल सांगता येत नसे, आणि ती संपेल कुठे हे तर नाहीच. आता चुकले असं वाटेपर्यंत ते लय ताणत आणि सम अशी सहज घेत की तबलजीच हसून मान डोलवी. अष्टांग गायकी म्हणून जी ग्वाल्हेरची ख्याती, आलाप, बोलआलाप, तान, बोलतान, मींड, गमक, लयकारी वगैरे सगळ्यांना एकाच ख्यालात जागा देणारी, ती मला त्यांच्या अर्ध्या तासात समजली. पुस्तकांतून समजली नव्हती. तेव्हा या वादात माझं मत दादासाहेबांच्या बाजूनं.

मात्र पूर्ण नाही. कृष्णरावांना ऐकायला ग्वाल्हेरला जन्मावं लागे. राजाभैयांच्या विद्यालयातून जी शेकडो मुलंमुली शिकून बाहेर पडली, त्यांच्यामुळे लष्करातल्या गल्लीबोळांत तंबोरा राहिला. आमची आत्या त्यांतलीच. मुलीनं उस्तादाकडे जाणं चालणार नव्हतं, सरकारी विद्यालयात जाणं चाललं. राजाभैयांना १९५६ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते गेले. आत्या तेव्हा शिकत होती. ती सांगते, त्या दिवशी विद्यालयात कुणी तंबोऱ्याची गवसणीसुद्धा काढली नाही. कृष्णरावांना अकादमीचा पुरस्कार १९५९ साली मिळाला. काकासाहेब हे तीन वर्षांचं अंतर दादासाहेबांना ऐकवत, आणि दादासाहेब उत्तरादाखल १९७३चा पद्मभूषण काढत.

आता तबकड्या. वादाला पुरावा म्हणून आमच्या घरी एकच वस्तू होती, रहिमतखाँची अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी. रहिमतखाँ हद्दूखाँचे चिरंजीव. त्यांची कहाणी कुणी कादंबरीत लिहिली तर अतिशयोक्ती वाटेल. बापाच्या मृत्यूनंतर ते भ्रमिष्टासारखे झाले, अफूच्या आहारी गेले, भटकत राहिले. त्यांना सावरलं विष्णुपंत छत्र्यांनी. विष्णुपंत तरुणपणी ग्वाल्हेरला हद्दूखाँकडे गाणं शिकले होते, तिथेच घोडेस्वारीतही तयार झाले होते. १८८० साली त्यांनी हिंदुस्थानातली पहिली देशी सर्कस काढली. गुरूच्या मुलाला त्यांनी शोधून आपल्याजवळ ठेवलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, बैठकींत गायला बसवलं. लोकांनी त्यांना भूगंधर्व म्हटलं. विष्णुपंतांनंतर त्यांचे बंधू काशिनाथपंतांनी त्यांना सांभाळलं. हद्दूखाँचा मुलगा शेवटी राहिला आणि १९२२ साली वारला तो कुरुंदवाडला, कृष्णेकाठी. विष्णु दिगंबरांचा जन्मही त्याच गावचा.

“घराने का चिराग सर्कस के तंबू में जला,” चाचा म्हणत. दादासाहेब म्हणत, “पण विझू दिला नाही ना कुणी.”

त्यांच्या ज्या थोड्या तबकड्या निघाल्या त्या १९२०च्या सुमाराच्या, म्हणजे अगदी अखेरच्या दिवसांतल्या. आमची तबकडी दादासाहेब जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं पुसत, कडेकडेनं, मधल्या लेबलाला हात न लावता. दर वेळी नवी सुई. किल्ली पूर्ण दिली तरच, कारण मध्येच वेग उतरला की खाँसाहेबांचा षड्ज उतरे आणि ते दादासाहेबांना सहन होत नसे. मग खरखर, आणि खरखरीतून तो आवाज. वर्णन करायचं तर इतकंच म्हणेन की त्या आवाजात गाऊन दाखवण्याचा हेतूच नाही. सरळ, उघडा, किंचित दूरचा सूर, जणू खोलीत दुसरं कुणी नाहीच. तीन-साडेतीन मिनिटांत तबकडीची बाजू संपे. पुढे अब्दुल करीमखाँनी भैरवीतली यमुनाकाठची ठुमरी अजरामर केली, पण रहिमतखाँची तीच ठुमरी ऐकलेल्यांना तिचा उगम सांगावा लागत नाही.

काकासाहेबांचा आक्षेप बिनतोड होता. ग्वाल्हेरचा ख्याल म्हणजे अष्टांग. तीन मिनिटांत आठ अंगं कशी मावतील? ही तबकडी ऐकून हद्दूखाँची गायकी अशी होती म्हणणं म्हणजे गुंजभर सोन्यावरून खजिन्याचा अंदाज. शिवाय हा एकटा गातोय! जोडीचा दुसरा कुठे आहे? मला वाटतं, तो दुसरा नसणं हेच त्या आवाजात ऐकू येतं. बाप, चुलता, भाऊबंद यांच्यामध्ये बसून जो गाणं शिकला, त्याला सगळे गेल्यावर गावं लागतंय, आणि जिथे दुसऱ्यानं उचलायचं तिथे तो क्षणभर थांबतो. प्रत्येक वेळी मला तो थांबा ऐकू येतो. माझ्यासाठी ग्वाल्हेरची सर्वांत थोर तबकडी हीच.

तबकड्यांच्या वादात दुसरं नाव निघे द. वि. पलुस्करांचं, विष्णु दिगंबरांच्या चिरंजीवांचं. १९५५ साली ते अवघ्या चौतीसाव्या वर्षी गेले. स्वच्छ, आटोपशीर, एकही स्वर वाया न घालवणारं गाणं. छोट्या तबकडीत ख्याल पूर्ण वाटावा अशी बांधणी त्यांच्याइतकी कुणाला साधली नाही, हे दादासाहेबही मान्य करत. १९५२ साली ‘बैजू बावरा’ आला तेव्हा लष्करात मोठीच पंचाईत झाली होती. चित्रपटात बैजू अकबराच्या दरबारात तानसेनाला हरवतो. ज्या गावात तानसेनाची कबर आहे तिथल्या लोकांनी हे पाहायचं कसं? पण नौशादनी तानसेनाला आवाज दिला होता अमीरखाँचा आणि बैजूला पलुस्करांचा. अमीरखाँ इंदूरचे, पलुस्कर ग्वाल्हेर घराण्याचे. तेव्हा तानसेन हरला तरी ग्वाल्हेर जिंकलं, असा तोडगा निघाला. तिकिटं काढून मंडळी पुन्हा पुन्हा गेली. चाचांनी तो चित्रपट पाहिला नाही. हजिऱ्याच्या शेजारी राहून तानसेनाला हरताना पाहणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं आणि त्यांना कुणी आग्रहही केला नाही.

ती पिढी गेली. माधव संगीत महाविद्यालय आज राजा मानसिंह तोमर विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. युनेस्कोनं २०२३ साली ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हटलं, आणि त्याच डिसेंबरात किल्ल्यावर १२८२ तबलावादकांनी एकत्र ठेका धरला. त्याची चित्रफीत पाहताना मला भरून आलं, एवढी तरुण पोरं त्या तटावर होती. पण साथ म्हणजे चाचा म्हणत ती, एकानं दुसऱ्याचा श्वास ऐकण्याची, आणि ती शिकायला दोघंच लागतात. विद्यापीठात दोघांना समोरासमोर बसवून जोडीचा ख्याल शिकवणारा वर्ग निघावा, अशी माझी फार इच्छा आहे. नोटेशन आहे, ध्वनिमुद्रणं आहेत. नाही ते एवढंच.

वाद मात्र आमच्या घरी अजून होतो. दादासाहेब नाहीत, काकासाहेब नाहीत, त्यांचे मुलगे आहेत आणि आत्या आहे. तिचं मत इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. किला गेटच्या टपरीवर बायका थांबत नसत, त्या टेंपोच्या कोपऱ्यावर शालीत गुरफटून उभ्या राहत. गेल्या हिवाळ्यात, गजक खात सगळे बसले असताना, ती मध्येच म्हणाली, “तुमच्या या सगळ्या यादीत एक बाई नाही.” मग तिनं टप्प्याचा विषय काढला. पंजाबातल्या उंटवाल्यांच्या गाण्यापासून लखनौच्या शोरीमियाँनी घडवलेला हा प्रकार ग्वाल्हेरनं आपला केला आणि जपला. त्यात थांबायला जागा नसते. सगळ्या स्वरांवर एकामागून एक बारीक, तुटक ताना, आणि तरी शब्द सुटता कामा नये. घराण्याचा कस पाहायचा तर टप्प्यात पाहा, आणि आमच्या काळात तो मालिनी राजूरकरांइतका कुणी गायला नाही, असं तिचं म्हणणं.

चुलतभाऊ काकासाहेबांचाच मुलगा. तो म्हणाला, “पण आत्या, त्या जन्मल्या अजमेरला, राहिल्या हैदराबादला. त्या ग्वाल्हेरच्या कशा?”

“वझेबुवा सावंतवाडीचे होते,” आत्या म्हणाली. “वासुदेवबुवा नागावचे. नत्थन पीरबक्ष तरी कुठे इथे जन्मले? आणि तुमचा रहिमतखाँ कुरुंदवाडला पुरलाय. तेव्हा तुम्हांला कुणाला गाव आठवलं नाही.” मग तिनं भावाच्या मुलीला फोनवर राजूरकरांचा काफीतला टप्पा लावायला सांगितला, आणि तो लागण्याआधीच विचारलं, “तबल्याला कोण आहे त्यात, बघ जरा.”